सात नंबरचा शिक्का

केशव बिडकरांच्या तोंडून 'ओके' हा शब्द मी चौदा वर्षांत एकदाही ऐकला नाही. वास्तविक कंपनी त्यांना त्याच शब्दाचा पगार देत होती. पिंपरीच्या आमच्या गिअरबॉक्सच्या कारखान्यात ते इन्स्पेक्टर होते. तपासून झालेल्या मालावर ते आपला सात नंबरचा शिक्का मारायचे, आणि तो शिक्का म्हणजेच ओके. पण तोंडानं? छे! तोंडानं ते फक्त 'बघू' म्हणायचे. माल पास असला तरी बघू, नापास असला तरी बघू. कँटीनमध्ये 'चहा घेणार का साहेब' म्हणून विचारलं तरी बघू, आणि मग खरोखरच कप उजेडाकडे धरून बघायचे.

अंगानं काटकुळे, मान किंचित पुढे काढलेली, आणि शर्टाच्या वरच्या खिशात कायम मायक्रोमीटर. तो खिसा त्यांनी शिंप्याकडून मुद्दाम खोल करून घेतला होता, आणि किती खोल झालाय ते मोजल्याशिवाय शर्ट दुकानातून उचलला नव्हता. माझ्या लग्नात त्यांनी सहा स्टीलचे पेले दिले. आहेर देताना माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "सहाही कारखान्यातल्या सपाट प्लेटवर ठेवून बघितलेत. एकही डुगडुगत नाही." नंतर कळलं, त्यासाठी ते पिंपरी कॅम्पातल्या दुकानात तीनदा पेले बदलायला गेले होते. तिसऱ्या वेळी दुकानदारानं हात जोडून विचारलं होतं, "साहेब, पाणी प्यायचंय का तपासायचंय?" ते पेले अजून आमच्या घरात आहेत. खरंच एकही डुगडुगत नाही.

लोक त्यांना पाठीमागे मायक्रॉन म्हणत. माणूस संशयी आहे, खडूस आहे, ह्याच्या घरी मीठसुद्धा मोजून पडत असेल, असं बरंच काही बोलत. मीही बोललो आहे. पण मला बोलायचा हक्क जरा कमीच होता. त्याचं कारण सांगतो.

परभणीकडून येऊन मी ह्या कंपनीत चिकटलो तेव्हा मला बिडकरांच्या हाताखाली दिलं. पहिल्याच महिन्यात त्यांनी माझ्यापुढे दोनशे पिनियनचा ट्रे ठेवला. पिनियन म्हणजे गिअरबॉक्समधलं लहान दातेरी चाक. दुपारची वेळ, पोटात कँटीनचा भात. मी वरची चाळीसेक चाकं मोजली, सगळी बरोबर निघाली, म्हणून उरलेली नुसती चाळवली आणि "ओके आहे साहेब" म्हणून कार्डावर सही ठोकली. बिडकरांनी ट्रेच्या तळाशी हात घातला, एक पिनियन काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. त्याच्या आतल्या भोकात पेन्सिलीची बारीक फुली होती.

"मोज."

मोजला. नापास होता.

"हा मीच घातला होता," ते म्हणाले. "तुझ्यासाठी."

ओरडले नाहीत. वर तक्रारही केली नाही. फक्त त्या दिवसापासून मी मोजलेला माल ते माझ्यासमोर पुन्हा मोजू लागले. पुढे मी इन्स्पेक्टर झालो, मला अकरा नंबरचा शिक्का मिळाला, तरी त्यांचं हे चालूच. एकदा चिडून मी म्हणालो, "आता तरी विश्वास ठेवा की!" तेव्हा म्हणाले, "जाधव, दुसऱ्याच्या चेकिंगवर मी शिक्का मारत नाही. तुझ्याच असं नाही, कुणाच्याच." मग जरा नरम होऊन म्हणाले, "फार तर दोन माणसांनी, एकमेकांशी न बोलता, एकच रीडिंग दिलं, तर मानेन." अशी दोन माणसं त्यांना कधी भेटली नव्हती हा भाग वेगळा.

पण ह्याच माणसानं मला कान दिला. फिरत्या गिअरबॉक्सवर लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटून ऐकायचं. कुठलं चाक घासतंय, कुठली बेअरिंग अजून महिनाभरानं ओरडणार आहे, हे बिडकर अचूक सांगायचे. मलाही त्यांनी ते शिकवलं, वर्षानुवर्षं, न कंटाळता. विश्वास ठेवत नव्हते, पण शिकवत होते. आज मला संगीतातलं जे काही चार आणे कळतं ते त्या टेस्ट बेंचवर आलेलं आहे.

चिंचवडला आमची घरं समोरासमोर होती. त्यांची एकुलती मुलगी वसुधा, आमची वसू. वसूचे मामा नाटक कंपनीत व्हायोलिन वाजवायचे. कंपनी बुडाली, मामा नोकरीला नागपूरला गेले आणि व्हायोलिन बहिणीच्या कपाटावर राहिलं. सात वर्षांच्या वसूनं ते खाली काढलं आणि गज ओढून ओढून घर डोक्यावर घेतलं. एका सकाळी बिडकरवहिनी तिला दम देत होत्या, तेवढ्यात बिडकर दाढीचा साबण तोंडावर तसाच ठेवून बाहेर आले आणि म्हणाले, "थांब. ते पुन्हा वाजव."

पोरीनं सातच्या भोंग्याचा सूर काढला होता. कंपनीचा भोंगा.

दुसरा कुणी बाप असता तर पोरीला उचलून घेतलं असतं. बिडकरांना संशय आला की हा योगायोग आहे. पुढचे तीन दिवस त्यांनी तिला भोंग्याच्या आधी पाच मिनिटं बसवलं. आधी तिनं सूर वाजवायचा, धरून ठेवायचा, मग भोंगा व्हायचा. तिन्ही दिवस तो तिच्या सुरावर येऊन बसला. चौथ्या दिवशी बिडकर तिला घेऊन पुण्याला खांबेटे गुरुजींच्या घरी गेले. जाताना खिशात शाळेच्या प्रयोगशाळेतून मागून आणलेला नादकाटा होता. गुरुजींनी पेटीवर सूर दिला तसा बिडकरांनी नादकाटा टेबलावर आपटला, कानाशी धरला आणि म्हणाले, "तुमची पेटी जरा चढी आहे." खोलीतले शिष्य अवाक झाले. गुरुजी मात्र पोट धरून हसले. म्हणाले, "बिडकर, ही पेटी चढी आहे हे मला वीस वर्षं माहीत आहे. सांगणारे तुम्ही पहिले. ठेवा मुलीला."

घरी रियाजाला बिडकर समोर बसत. मशीनच्या आवाजात आम्ही हातानं बोलायचो. अंगठा वर म्हणजे माप चढं, अंगठा खाली म्हणजे उतरतं. तीच खूण त्यांनी घरात आणली. पोरगी वाजवतेय आणि बापाचा अंगठा वर-खाली होतोय! वसू मग डोळे मिटून वाजवायला लागली. पुढे तिचं नाव झाल्यावर एका समीक्षकानं लिहिलं की वादनात ती इतकी तल्लीन होते की तिचे डोळे आपोआप मिटतात. वहिनींनी ते कात्रण मला दाखवलं आणि पदर तोंडाला लावून हसत राहिल्या.

वसू नऊ-दहा वर्षांची असताना गणपतीत तिचं पहिलं वादन झालं. टाळ्या खूप पडल्या. दुसऱ्या दिवशी बिडकर एक वही घेऊन घरोघर फिरले. "काल काय आवडलं?" म्हणून विचारायचे. कुणी "छान झालं" म्हणालं की त्याच्या नावावर काट. "फारच गोड!" काट. मलाही काट मिळाली. शेवटी मोशीहून भाजी घेऊन येणारी सखूबाई पाटी उतरवून म्हणाली, "पोरगी ग्वाड वाजिवती हो, पर मदी येकदा कुत्र्याच्या शेपटीवर पाय पडल्यावानी आवाज आला बगा!"

बिडकरांचा चेहरा असा खुलला की विचारू नका. "कधी? सुरुवातीला का शेवटी?"

"ती मान हालवीत व्हती, तवा."

"बरोबर!" बिडकर म्हणाले. "ह्या बाईनं ऐकलंय." त्या वर्षापासून संक्रांतीला बिडकरांच्या घरचे तिळाचे लाडू सगळ्यात आधी सखूबाईला जायचे. चूक दाखवणाऱ्यानंच ऐकलेलं असतं, असं त्यांचं पक्कं मत होतं. कौतुक करणाऱ्याबद्दल त्यांना फक्त एकच शंका असायची, की ह्याचं लक्ष कुठे होतं.

वसू वर चढत गेली. पुण्यातल्या स्पर्धेत पहिली आली. बिडकर म्हणाले, परीक्षकांत गुरुजींचे मित्र असणार. पंधराव्या वर्षी एका सकाळच्या मैफलीत तिला अर्धा तास मिळाला. बिडकर म्हणाले, ठरलेला कलाकार आला नसेल. रेडिओवर वाजवलं, तेव्हा म्हणाले रेडिओवर सगळंच बरं लागतं. गल्लीतले लोक वेगळा संशय घ्यायचे. वयात आलेली पोर व्हायोलिनची पेटी घेऊन एकटी पुण्याच्या बसमध्ये चढते, जाते कुठे, येते कधी. बिडकरांना त्याचं काही नव्हतं. त्यांना पोरीचा संशय कधीच आला नाही, तिच्या सुराचा यायचा.

आणि ती त्यांचंच ऐकायची. जग काय म्हणतं ह्याच्याशी तिला घेणं नव्हतं. एकदा आमच्या ओट्यावर बसून म्हणाली, "काका, सगळे छान म्हणतात. बाबा एकदा नुसतं 'बरोबर' म्हणाले ना, तरी पुरे." मग स्वतःच हसून म्हणाली, "पण बाबांचं चुकत नाही हो कधी." ते तेव्हा खरं होतं.

ती सतरा वर्षांची झाली त्या सुमारास बिडकरांनी एक दिवस जेवणाच्या सुट्टीत मला सांगितलं, "वसूच्या वरच्या सुरांची चमक गेली. बोथट झालेत."

मी आदल्याच संध्याकाळी तिचा रियाज ऐकला होता. मला काही बोथट वाटलं नव्हतं. पण मी म्हणजे काट मिळालेला माणूस. गप्प बसलो.

त्यांनी आधी तारांवर संशय घेतला. नव्या तारा आणल्या. मग गजाचे केस बदलले. मग तारांखालची लाकडी घोडी. तरी बोथटच. तेव्हा त्यांना पुण्यातल्या दुरुस्तीवाल्याचा संशय आला, की मामांचं चांगलं वाद्य काढून घेऊन त्यानं तसंच दिसणारं दुसरं दिलंय. व्हायोलिनच्या पोटात टॉर्च मारून त्यांनी जुनी खूण शोधली. ती सापडली. मग राहिला गुरुजींचा हात. "मला वाटतं," ते आवाज खाली आणून म्हणाले, "गुरुजी तिला मुद्दाम दाबतायत. त्यांचा पुतण्या आहे ना वाजवणारा."

माझ्या अंगावर काटाच आला. खांबेटे गुरुजींनी त्या मुलीला दहा वर्षं पोटच्या पोरीसारखं शिकवलं होतं.

वसूनं काय केलं? बापाला चमक ऐकू येत नाही म्हणून ती गज दाबायला लागली. जितकी दाबायची तितका सूर खरखरायचा, आणि बिडकर मान हलवायचे, अंगठा खाली. पोरगी दिवसागणिक वाळत चालली. गुरुजी स्वतः चिंचवडला आले. त्यांना कलकत्त्याच्या एका मोठ्या संमेलनाचं बोलावणं होतं, आणि ह्या खेपेला त्यांना वसूला बरोबर न्यायचं होतं. पाठीमागे बसायला नाही, स्वतंत्र वाजवायला. पण ते म्हणाले, "बिडकर, ही हल्ली गज इतका का दाबते? असंच राहिलं तर हात जाईल तिचा."

बिडकर म्हणाले, "पुण्यात पुढच्या महिन्यात रविवारी सकाळी तिचं वादन आहे ना? ते ऐकतो. बरोबर वाटलं तर कलकत्ता. नाही तर ती तुमच्याकडे यायची बंद."

गुरुजी उठले. चहा तसाच ठेवून गेले. वसू आतल्या दाराला धरून उभी होती.

त्याच आठवड्यात कारखान्यात एक गोष्ट झाली. टेस्ट बेंचवर ज्ञानोबा होता, मोशीचा फिटर, बोलायला फटकळ. बेंचवरचा गिअरबॉक्स बारीक शिट्टी घालत होता. मी दहा फुटांवर होतो, मला ऐकू येत होती. बिडकरांनी स्क्रूड्रायव्हर लावला, डोळे मिटले, ऐकलं आणि खिशातून शिक्का काढला.

"आवो सायेब," ज्ञानोबा ओरडला, "शिट्टी मारतंय की ते!"

"कुठे?"

"आता काय सांगावं! पार गेटापातुर ऐकू येतंय. कानात बोळं घातल्याती का काय?"

बिडकरांनी त्याच्याकडे रोखून बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मला वाटतं, त्या क्षणी मी तोंड उघडायला हवं होतं. मी खाली बघितलं. त्यांनी शिक्का मारला आणि निघून गेले. ज्ञानोबानं मला विचारलं, "जाधवभाऊ, सांगा आता, वाजतंय का न्हाई?" मी म्हणालो, "वाजतंय." तो गिअरबॉक्स मी मागे काढून ठेवला. त्यानंतर बिडकरांनी पास केलेला प्रत्येक गिअरबॉक्स मी त्यांच्या पाठीमागे चोरून ऐकायचो. त्यांनी माझ्यासमोर उघडपणे केलं होतं, मी त्यांच्यामागे लपून करत होतो. ह्या दोन्हींत कुठलं बरं, हे मला सांगायची गरज नाही.

सगळं समोर होतं. पंधरा-सोळा वर्षं तो माणूस मशीनच्या कर्कश आवाजात कान लावून उभा होता. आमच्याकडे प्रत्येक गेज दर सहा महिन्यांनी स्टँडर्ड रूममध्ये तपासणीला जातं. मायक्रोमीटर जातो, व्हर्निअर जातो, साधी फूटपट्टी जाते. प्रत्येकाचं कार्ड असतं. कानाचं कार्ड कुणाकडेच नव्हतं. सूर वसूचे गेले नव्हते, वरचं जग बिडकरांचं गेलं होतं, आणि ह्या संशयी माणसानं सगळ्या पिंपरी-चिंचवडवर संशय घेतला, फक्त एक गेज सोडून.

वहिनींना शंका होती. "घड्याळाचा गजर होतो, हे आपले झोपलेलेच," त्या मला म्हणाल्या. "तुम्ही बोला ना भाऊजी." मी म्हणालो, बोलतो. आणि बोललो नाही. मला भीती वाटत होती. त्यांना वाईट वाटेल ह्याची होतीच, पण खरी भीती ही, की ते म्हणतील, 'तू? तू सांगणार मला?'

शेवटी त्यांचं त्यांनीच बघितलं. एका दुपारी आम्ही खिडकीपाशी डबे आवरत होतो. बिडकरांनी मनगटावरचं घड्याळ सोडलं, उजव्या कानाला लावलं. मग डाव्या कानाला. किल्ली दिली, पुन्हा लावलं. मग माझ्यापुढे धरलं.

"चालू आहे का बघ."

मी कानाला लावलं. टिकटिक स्वच्छ येत होती. "चालू आहे."

त्यांनी घड्याळ परत घेतलं आणि सेकंदकाट्याकडे बघत बसले. काटा फिरत होता. कान म्हणत होता बंद, डोळा म्हणत होता चालू. पूर्ण एक फेरा होईपर्यंत ते बघत राहिले. मग घड्याळ बांधून कामाला गेले. त्या दिवशी त्यांनी एकाही मालावर शिक्का मारला नाही. चार दिवसांनी जाता जाता म्हणाले, "रविवारी तू माझ्या शेजारी बस."

रविवारी सकाळी आम्ही चिंचवडहून बसनं निघालो. बसमध्ये बिडकर वसूच्या पुढच्या सीटवर होते. मागे न वळताच ते म्हणाले, "आज दाबू नकोस. गुरुजी सांगतात तसं वाजव." वसूनं माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं.

सभागृह भरलेलं होतं. वसूनं तोडी राग घेतला. डोळे मिटलेले. विलंबित असं सावकाश उलगडत गेली की माझ्यासारख्यालाही वाटलं, हिला अडवू नये कुणी. दाबलेला गज सुटला होता. वरचे सूर पाण्यासारखे स्वच्छ येत होते. मी सहज शेजारी बघितलं, तर बिडकर स्टेजकडे बघतच नव्हते. मशीनवरच्या डायलकडे बघावं तसे माझ्या चेहऱ्याकडे टक लावून बसले होते. माझ्या चेहऱ्यावर त्या पोरीचं कलकत्ता ठरत होतं.

द्रुत सुरू झालं आणि दुसऱ्याच फेरीत तार षड्ज, म्हणजे वरचा सा, केसभर खाली लागला. क्षणभरच. पुढच्या वेळी तिनं तो बरोबर जागी बसवला. लोकांना कळलंही नाही. टाळ्या तर अशा पडल्या की तबलजीही हसायला लागला. लोक उभे राहिले. गुरुजी चष्मा पुसत होते.

बिडकरांनी माझा दंड धरला आणि मला खांबामागे नेलं. "बोल."

मी काय बोलणार होतो? 'ओके' म्हणालो तर हा माणूस मानणार नाही. त्या शब्दावर माझी एक पेन्सिलीची फुली होती. आणि चूक सांगितली तर म्हणेल, बघ, मी म्हणत होतो ना. पोरीचं कलकत्ता गेलं, गुरुजी गेले. पण मला पेन्सिलीनं फुली मारलेला तो पिनियन आठवला, आणि ह्या माणसापुढे पुन्हा न मोजता सही करायची नाही एवढंच मला कळलं.

"तार षड्ज," मी म्हणालो. "द्रुत सुरू झाल्यावर दुसऱ्या फेरीत. एकदाच. केसभर उतरला."

"बाकी?"

"बाकी साफ. वरची चमक आहे तशी आहे." आणि मग जे वर्षभर घशात अडकलं होतं ते बाहेर पडलं. "कधी गेलीच नव्हती, बिडकरसाहेब."

ते माझ्याकडे बघत राहिले. लोकांच्या गराड्यातून वसू येत होती, हातात कुणी तरी दिलेला गुच्छ. बिडकरांनी मला हातानं गप्प राहायची खूण केली आणि तिला विचारलं, "कुठे चुकलीस?"

एवढ्या कौतुकानंतर बापाचा पहिला शब्द हा! पण ती क्षणाचाही विचार न करता म्हणाली, "तार षड्ज. द्रुतच्या सुरुवातीला. एकदाच."

आणि मग तिचा चेहरा असा उजळला की तो मी मरेपर्यंत विसरणार नाही. वर्षभर बाप अशा चुका काढत होता, ज्या तिला ऐकू येत नव्हत्या. आज पहिल्यांदा दोघांचं जुळलं होतं, असं तिला वाटलं. "बाबा," ती म्हणाली, "तुम्हाला ऐकू आला?"

नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी चाललं असतं. मी तिथे उभा होतो, मी कुणाला सांगणार नव्हतो. मी तर मनातून म्हणत होतो, म्हणा हो.

"मला नाही आला," बिडकर म्हणाले. "ह्याला आला."

वसूला काही कळेना. ती त्यांच्याकडे बघायची, मग माझ्याकडे.

"मला वरचं काही ऐकू येत नाही, वसू. कधीपासून ते माहीत नाही. मी तुला वर्षभर चुकीचं सांगितलं." मग गुरुजींकडे वळून, अगदी कोरड्या आवाजात म्हणाले, "दोन रीडिंग एक आली. घेऊन जा तिला."

वसूनं तो गुच्छ माझ्या हातात कोंबला आणि भर सभागृहात बापाच्या खांद्यावर डोकं टेकून रडली. बिडकर ताठ उभे होते. हात कुठे ठेवायचे ते त्यांना कळत नव्हतं. शेवटी एक हात त्यांनी तिच्या पाठीवर ठेवला.

सोमवारी त्यांनी सात नंबरचा शिक्का स्टँडर्ड रूममध्ये जमा केला. रजिस्टरमध्ये कारणाच्या रकान्यात स्वतःच्या हातानं लिहिलं, 'गेज बाद.' कारखान्याच्या मोठ्या साहेबांनी त्यांना स्टोअरला घेतलं. तिथेही ते नट-बोल्ट पारखूनच घेत, पण कानाचं काम पुन्हा केलं नाही. ज्ञानोबा त्यांना रोज लांबूनच नमस्कार घालायचा. त्याच्या बोलण्यानं हे झालं असं त्याला वाटे, आणि तसं नाही हे सांगायची हिंमत मला झाली नाही.

पुढे वसूचं नाव खूप झालं. ते सगळ्यांना माहीत आहे, आणि बिडकरांचं व्यक्तिचित्र लिहिताना ते इथे लिहायची गरज नाही. माझ्यापुढे येतो तो पुणे स्टेशनचा फलाट. भर दुपार. कलकत्त्याची गाडी उभी आहे. गुरुजी आत सामान लावतायत, वहिनी खिडकीच्या गजांतून डबा देतायत, वसू दोन्ही हातांनी व्हायोलिनची पेटी मांडीवर धरून बसली आहे. बिडकर खिडकीपासून चार पावलं मागे, माझ्या शेजारी. फलाटावर हा गोंधळ. हमाल, चहावाले, रडणारी पोरं.

लांब शेवटच्या डब्यापाशी गार्डनं शिट्टी वाजवली. बारीक, तीक्ष्ण.

बिडकरांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "शिट्टी झाली का?"

"झाली," मी म्हणालो.

त्यांनी गार्डकडे वळून बघितलं नाही. सिग्नल बघितला नाही, घड्याळ बघितलं नाही. गाडी अजून हललीही नव्हती, तेवढ्यात त्यांनी हात वर केला आणि पोरीला निरोप द्यायला सुरुवात केली.